सनरूफच्या चिनी कॉम्पॅक्ट एसयूव्हीत पायाशी पाणी साचतंय? सिलिकॉन लावायच्या आधी हे तपासा

रात्रभर पाऊस पडून गेला, सकाळी दार उघडून पाय आत ठेवला आणि मॅटखालून पच्‌कन आवाज आला, असं झालं असेल तर पुढचं सगळं वाचा. मी दक्षिण चीनमध्ये, ग्वांगशी प्रदेशातल्या लिउचौ शहरात राहतो. गेल्या सहा वर्षांत ही एकच तक्रार वीसेक गाड्यांवर निस्तरली आहे. पहिली माझी स्वतःची, मग इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या, मग त्यांच्या नातेवाइकांच्या.

या गाड्या म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास लांबीच्या, बहुतेक दीड लिटर टर्बो इंजिनाच्या, चिनी घरांसाठीच बेतलेल्या क्रॉसओव्हर एसयूव्ही. २०११ साली हावल एच६ आली आणि हा वर्ग इथे घराघरांत पोचला. पुढे २०१४ मध्ये छांगआन सीएस७५, २०१६ मध्ये जीली बोयुए, २०१८ मध्ये आमच्या लिउचौची बाओजुन ५३०. छपरावर मोठी काच हवीच, ही इथल्या गिऱ्हाइकाची पहिली मागणी. तिला चिनीत थ्येनच्वांग म्हणतात, शब्दशः आकाशाची खिडकी. खाली सांगितलेला बिघाड कुठल्या एका कंपनीचा नाही. छपराला उघडणारी काच बसवली की तिच्याभोवती पन्हळ येते, आणि पन्हळ साफ केली नाही की ती तुंबते.

लक्षणं

सगळीच दिसतील असं नाही. एक-दोन दिसली तरी तपासायला लागा.

- पुढच्या दोनपैकी एका बाजूचं कार्पेट ओलं. वरून कोरडं वाटतं, पण तळहाताने दाबलं की पाणी वर येतं.
- पाऊस थांबल्यावर पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला की वरच्या दिव्याजवळून पाणी ठिबकतं.
- वळण घेताना छपरात किंवा दारात पाणी डुचमळल्याचा आवाज.
- पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाजवळ छपराच्या अस्तरावर पिवळट डाग.
- डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी.
- बंद गाडीत कुबट वास, सकाळी काचा आतून धुरकट.
- सीटबेल्टचा इशारा उगाच वाजणं, दाराचं लॉक मनाला येईल तसं चालणं. इथपर्यंत आलं असेल तर पाणी वायरिंगच्या जोडांपर्यंत पोचलेलं असू शकतं.

काचा धुरकट होण्याबद्दल एक सावधगिरी. आमच्याकडे हिवाळा संपताना समुद्राकडून दमट वारा परततो. त्या दिवसांना ह्वेइनान्थ्येन म्हणतात. घरांच्या भिंतींना घाम फुटतो, फरशी ओली होते, गाडीच्या काचाही धुरकटतात. तेवढ्यावरून गळती समजू नका. कार्पेट दाबून बघा. कोरडं असेल तर तो हवेतला दमटपणा आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

गावाकडच्या कौलारू घराची पन्हळ आठवा. पावसाचं पाणी पन्हळीत पडणं हे तिचं कामच आहे. घरात पाणी येतं ते पन्हळीचं तोंड पाल्याने बुजल्यावर. सनरूफचंही तंतोतंत तसंच आहे. काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि ते अडवण्यासाठी बनवलेलंही नाही. थोडं पाणी रबराखालून आत उतरतं, चारी बाजूंच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या चार बारीक नळ्यांतून गाडीखाली निघून जातं. पुढच्या दोन नळ्या काचेच्या कडेच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी अस्तरावर सांडतं.

म्हणून काचेभोवती सिलिकॉन लावणं हा या दुखण्यावरचा इलाज नाही. आमच्या शेजारच्या बाईंच्या गाडीला रस्त्यावरच्या एका दुकानात चारी कडांनी सिलिकॉन भरून दिलं होतं. पुढच्याच मुसळधार पावसात पाणी पुन्हा आत आलं. काच कायमची चिकटली ती वेगळीच, आणि वाळलेलं सिलिकॉन खरवडायला मला आख्खा रविवार लागला. कुणी ट्यूब घेऊन छपराकडे निघालं तर त्याला थांबवा.

पहिली तपासणी: वर्तमानपत्र (खर्च शून्य)

चारी मॅट काढा. चारी पायथ्यांना आणि स्टेपनीच्या खड्ड्यात वर्तमानपत्राचा कागद अंथरा. दोन-तीन दिवस रोज बघा आणि लिहून ठेवा: कोणता कागद ओला झाला, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, एसी चालवला होता का, गाडी चढावर लावली होती की उतारावर.

हे पोरकट वाटेल, पण निम्मं निदान इथेच होतं. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर ओलं होत असेल तर छपराचा काही संबंध नाही. पावसातच, आणि गाडीचं नाक खाली असतानाच ओलं होत असेल तर पुढच्या नळ्यांवर संशय. नाक वर असताना मागचं ओलं होत असेल तर मागच्या नळ्या. मी सुरुवातीला हे न करता थेट नळ्यांत हात घालायचो. दोन गाड्यांवर पूर्ण दिवस घालवल्यावर कळलं की पाणी एसीचं होतं.

कागदावरचं पाणी बोटाला लावून बघा. साधं पाणी असेल तर पुढे चला. हिरवट, गुलाबी किंवा निळसर असेल, बोटांना तेलकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि हीटर लावला की काचेवर चिकट थर बसत असेल, तर ते कूलंट आहे. हीटरची कॉइल किंवा तिचा पाइप गळतोय. चाखून बघू नका, ते विषारी असतं. इथेच थांबा आणि गाडी मेकॅनिककडे द्या, कारण कूलंट कमी झालं तर इंजिन तापून मोठा खर्च येतो.

दुसरी तपासणी: एसीचं पाणी गाडीखाली पडतंय का

दमट दिवशी सपाट, कोरड्या जागेवर गाडी लावून पंधरा मिनिटं एसी चालवा. जागा मोकळी हवी, तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. मग पुढच्या चाकांच्या मागे, गाडीच्या मध्याजवळ वाकून बघा. थेंबांचं छोटं डबकं दिसायला हवं. लिउचौच्या जून महिन्यात ते दिसलं नाही तर नळी तुंबली आहे किंवा जागेवरून निसटली आहे, आणि ते पाणी आत, बहुतेक वेळा ड्रायव्हरशेजारच्या बाजूला उतरतंय.

नळीचं खालचं तोंड हाताला लागत असेल तर मऊ नायलॉनची दोरी वर सरकवून मळ सोडवा. हाताला लागत नसेल तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही. गॅरेजच्या लिफ्टवर हे काम दहा मिनिटांचं आहे.

तिसरी तपासणी: वायपरखालचा पालापाचोळा

बोनेट उघडा. काचेच्या बुडाशी, वायपर जिथे बसतात त्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली एक खोलगट जागा असते. काचेवरून ओघळलेलं पाणी तिथे जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागे निघून जातं. एसीची ताजी हवाही तिथूनच आत ओढली जाते. भोकं बुजली की पाणी हवेच्या वाटेने ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाशी येतं.

आमच्या शहरात रस्तोरस्ती कांचनाच्या जातीची झाडं आहेत. एप्रिलमध्ये सगळं शहर गुलाबी होतं, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्या पाकळ्या वायपरखाली कुजतात आणि त्यांचा चिकट लगदा होतो. माझ्या हातून गेलेल्या गाड्यांपैकी पाच-सहांचं दुखणं तेवढंच होतं. दोन मुठी लगदा हाताने काढला, तांब्याभर पाणी ओतलं, चाकामागून भळाभळा बाहेर आलं, काम संपलं.

खात्रीसाठी डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर काढून बघा. तो भिजलेला किंवा त्यावर पाण्याचे डाग असतील तर पाणी इथूनच येतंय. ओला फिल्टर वाळवून परत लावू नका, नवा घ्या.

चौथी तपासणी: छपराच्या पुढच्या नळ्या

बहुतेक गाड्यांचं उत्तर इथे सापडतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पन्हळ दिसेल. ओल्या फडक्याने ती पुसून घ्या. धूळ आणि जुनं ग्रीस मिळून झालेला काळा चिखल निघेल. तो फडक्याने वर उचला, भोकाकडे लोटू नका. मग कोपऱ्यातलं भोक शोधा, पेन्सिलीएवढं असतं.

आता एका कपात पाणी घेऊन बारीक धारेने एकाच कोपऱ्यात ओता आणि दुसऱ्या माणसाला त्या बाजूच्या पुढच्या चाकामागे, दाराच्या बिजागरीजवळ बघायला सांगा. अर्ध्या मिनिटात खाली पाणी दिसायला हवं. पन्हळीत पाणी तुंबून राहिलं तर नळी बंद आहे. पाणी पन्हळीतून गेलं, पण खाली कुठेच दिसलं नाही, तर लगेच ओतणं थांबवा. नळी आत कुठेतरी जोडातून सुटली आहे आणि तुम्ही कपभर पाणी स्वतःच्या हाताने कार्पेटखाली घातलं आहे. मग दोरीही घालू नका, खाली "इथे थांबा" लिहिलंय ते वाचा.

नळी नुसती तुंबली असेल तर ती मोकळी करायला गवत कापायच्या यंत्रात लावतात ती नायलॉनची दोरी उत्तम. दोन-अडीच मिलीमीटर जाडीची, गुळगुळीत, गोल घ्या. टोक काचपेपरने गोल करून घ्या. हळूहळू आत सरकवा, अडलं तर फिरवत पुढे न्या, जोर लावू नका. इथे ऑनलाइन बाजारात लांब स्प्रिंगच्या टोकाला छोटा ब्रश असलेलं साधन स्वस्तात मिळतं, तेही चालतं. तार मात्र नको. तारेचं टोक नळीला भोक पाडतं आणि मग ती गळती शोधायला सगळं अस्तर उतरवावं लागतं.

आणि हवेची तोफ नको. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे. गॅरेजमध्ये टायरला हवा भरायच्या पाइपने वरून फुस्स करून देतात. कधी मळ निघतो, कधी नळीच जोडातून सुटते. ती सुटली की पाणी खांबाच्या आवरणामागे उतरायला लागतं आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. माझ्या स्वतःच्या गाडीचं असंच झालं. तुंबलेली नळी घेऊन गेलो आणि सुटलेली नळी घेऊन परत आलो.

अनेक गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चिरेसारखं तोंड असलेलं रबरी बूच असतं, धूळ आणि किडे वर चढू नयेत म्हणून. चिखलाने ते तोंड चिकटतं. दार उघडून बिजागरीजवळ ते हाताला लागत असेल तर दोन बोटांनी चिमटून मोकळं करा. वरून कितीही दोरी फिरवली तरी हे बूच बंद असेल तर पाणी उतरत नाही.

पाचवी: डिकी आणि मागच्या नळ्या

स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर तीन संशयित: मागच्या नळ्या, मागच्या दिव्यांची गॅस्केटं आणि डिकीच्या दाराचं रबर. रबर स्वस्तात तपासता येतं. कागदाची पट्टी मध्ये धरून दार बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखीच घट्ट हवी, जिथे सैल सुटेल तिथे रबर दबलेलं आहे. मागच्या नळ्यांपर्यंत वरून पोचणं अवघड असतं, कारण काच मागे सरकली तरी ते कोपरे झाकलेलेच राहतात. तिथे मी हात घालत नाही.

सहावी: दारं

दाराच्या काचेवरून पाणी दारात उतरतं, तेही ठरलेलंच. दाराच्या बुडाशी भोकं असतात, त्यांतून ते बाहेर जातं. काडीने ती भोकं मोकळी करा. ओल दाराच्या उंबरठ्याकडून आत पसरलेली दिसली आणि वर अस्तर कोरडं असेल तर दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटलाय किंवा सुटलाय. गाडीला अलीकडे नवे स्पीकर बसवलेत का, काचेची मोटर बदललीय का, हे आठवा. पडदा अर्धवट चिकटवून वरून पॅनल ठोकून देणारे कारागीर असतात.

सातवी: पाइपचं पाणी

एवढ्यावर सापडलं नाही तर एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून बागेच्या पाइपने मंद धार सोडा. खालून सुरू करा: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेचं बूड, मग काचेच्या कडा, सगळ्यात शेवटी छप्पर. एका जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा वापरू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

हे मी हात जोडून सांगतो.

नळी आत सुटली असेल तर ती खांबाच्या आवरणामागे आहे. त्याच आवरणामागे, छपराच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते आणि तिला स्फोटक बार असतो. व्हिडिओ बघून ते आवरण उपटू नका. उपटताना काही झालं नाही तरी क्लिपा चुकीच्या बसल्या तर अपघाताच्या वेळी एअरबॅग नीट उघडणार नाही, आणि ते तुम्हाला आधी कळणार नाही.

पुढची काच पूर्वी बदललेली असेल आणि पाणी तिच्या कडेने येत असेल तर ती काढून नव्याने चिकटवावी लागते. ते काचवाल्याचं काम.

गाडी विजेची किंवा प्लग-इन हायब्रिड असेल आणि आत बोटभर तरी पाणी साचलं असेल, तर चार्जिंगला लावू नका, सुरू करू नका, नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावू नका. सेवा केंद्राला फोन करून गाडी उचलून न्यायला सांगा.

सीटखालचं कार्पेट उचलायला सीट काढावी लागते, आणि सीटखाली एअरबॅगचे जोड असतात. ते सुटे असताना नुसतं इग्निशन चालू केलं तरी बिघाडाची नोंद होऊन डॅशबोर्डवर दिवा लागतो. हेही शिफूकडून करून घ्या. इथे मेकॅनिकला आदराने शिफू म्हणतात, आणि चांगला शिफू मिळाला तर तो शब्द मनापासून येतो.

वॉरंटी चालू असेल तर चौथ्या तपासणीपुढे स्वतः जाऊ नका. चीनमध्ये घरगुती गाड्यांसाठी सानपाओ नावाचे दुरुस्ती, बदली आणि परतीचे नियम २०१३ पासून लागू आहेत, सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून. त्यांत दुरुस्तीची हमी किमान ३ वर्षं किंवा ६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी आहे. प्रत्येक भेटीला तक्रार काय होती आणि काम काय केलं याचा कागद मागून घ्या. "साफ करून दिलं" एवढ्या तोंडी उत्तरावर निघून येऊ नका, कारण तेच दुखणं परत आलं तर हातात काहीतरी हवं.

जुनी गाडी घेतली असेल आणि कार्पेटखाली पाण्याबरोबर बारीक गाळ निघाला, सीटच्या रुळांना गंज दिसला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर चिखलाची रेघ दिसली, तर नळ्या तपासत बसू नका. ती पुरात बुडालेली गाडी असण्याची शक्यता मोठी आहे. लिउचौला लिउ नदीने तिन्ही बाजूंनी वेढा घातलाय, त्यामुळे अशा गाड्यांना आमच्याकडे खास नाव आहे, फाओश्वेइछ, भिजलेली गाडी. विकणाऱ्याशी बोलणी लगेच सुरू करा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

बाओजुन ५३० चं भारतीय भावंड म्हणजे २०१९ मध्ये आलेली एमजी हेक्टर. हे सगळं तिलाच नव्हे, मोठ्या सनरूफच्या कुठल्याही गाडीला लागू आहे. फक्त भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे एसीचं पाणी बहुतेक वेळा डावीकडे, म्हणजे तिथेही ड्रायव्हरशेजारच्याच बाजूला, उतरेल असं धरा. आणि चिंच किंवा गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर जास्त जपा. त्यांची पानं इतकी बारीक असतात की ती थेट नळीत उतरतात. मृगाच्या आधी, मे महिन्यात, कपभर पाणी ओतून बघा. मीही इथे कांचनाचा बहर ओसरला की तेच करतो. ड्रॅगन बोटींचा सण आपल्या ज्येष्ठाच्या सुरुवातीला येतो, आणि त्या सुमाराचा पाऊस इथे इतका ठरलेला की त्याला नावच आहे, लोंगचोउश्वेइ, म्हणजे ड्रॅगन बोटींचं पाणी.

वाळवणं

गळती सापडली तरी काम अर्धंच झालेलं असतं. कार्पेटखाली जाड फोम असतो आणि तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून हेअर ड्रायर मारून उपयोग नाही. ओलं शोषणाऱ्या व्हॅक्यूमने आधी खेचून घ्या, मग कार्पेटची कड उचलून खाली लाकडाचे ठोकळे ठेवा आणि पंखा लावा. आमच्याकडे ह्वेइनान्थ्येनमुळे घरोघरी हवा कोरडी करायचं यंत्र असतं. ते बंद गाडीत रात्रभर चालवलं की सकाळी टाकीभर पाणी निघतं. वास मारायला अत्तराच्या बाटल्या टांगू नका. वास येतोय म्हणजे फोम अजून ओला आहे, आणि ओल्या फोमखाली पत्रा गंजत असतो.

कार्पेटची कड लगेच बसवून टाकू नका. पुन्हा वर्तमानपत्र अंथरा आणि तीन मोठे पाऊस जाऊ द्या. तिसऱ्या पावसानंतरही कागद कोरडा निघाला की मग बसवा.